सादरीकरणाच्या संगणकीय साधनांची तौलनिक समीक्षा : ‘मोफत’, ‘मुक्त’ आणि ‘सशुल्क’ या संज्ञांच्या अनुषंगाने

प्रस्तावना

महाविद्यालयीन अध्यापनात खडू-फळ्याच्या जोडीला प्रक्षेपक आला, त्याला आता बराच काळ लोटला आहे. चर्चासत्रातील शोधनिबंध असो, पदव्युत्तर विद्यार्थ्याची मौखिक परीक्षा असो वा मूल्यांकन समितीपुढील विभागीय अहवाल असो, पडद्यावर एकामागून एक स्लाइड दाखवत बोलणे ही आता रीतच झाली आहे. या रीतीला आपल्याकडे एक नावही मिळाले आहे. ‘सादरीकरण करा’ असे क्वचितच कोणी म्हणतो. ‘पीपीटी करा’ असेच म्हटले जाते. एका कंपनीच्या एका उत्पादनाच्या फाइलनावातील शेवटची तीन अक्षरे संपूर्ण सादरीकरण-प्रकाराची वाचक झाली. गमतीचा भाग असा की त्या उत्पादनाने स्वतः २००७ च्या आवृत्तीपासून हे जुने फाइल-स्वरूप मागे टाकून नवे स्वीकारले. स्वरूप मागे पडले, नाव मात्र आपल्या तोंडी राहिले. भाषेतील ही लहानशी घटना त्या उत्पादनाच्या वर्चस्वाची पुरेशी साक्ष देते.

अशा परिस्थितीत ‘मोफत सॉफ्टवेअर चांगले की विकतचे?’ हा प्रश्न वारंवार विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा सुविधांच्या तक्त्याने दिले जाते. एका रकान्यात एक उत्पादन, दुसऱ्यात दुसरे, आणि खाली बरोबर-चुकीच्या खुणा. प्रस्तुत लेखकाच्या मते हा प्रश्नच सदोष मांडला गेला आहे. त्यात किंमत हाच एकमेव भेद गृहीत धरलेला असतो. सदर लेखात प्रथम संज्ञांची स्पष्टता करून नंतर देवनागरी लेखन, फाइलचे आयुष्य व देवाणघेवाण, प्रत्यक्ष सुविधा, वापरकर्त्याचे हक्क आणि विचारपद्धतीवरील परिणाम अशा पाच निकषांवर या साधनांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. संज्ञांची स्पष्टता

या विषयावरील बराचसा गोंधळ इंग्रजीतील ‘फ्री’ या शब्दाच्या दोन अर्थांमुळे निर्माण झाला आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये ‘फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन’ स्थापन केले तेव्हापासून त्यांना हा शब्द पैशाच्या नव्हे, तर स्वातंत्र्याच्या अर्थाने अभिप्रेत आहे, हे पुनःपुन्हा सांगावे लागले. मराठीला ही अडचण नाही. आपल्याकडे ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ असे दोन स्वतंत्र शब्द आहेत आणि त्यांची गल्लत सामान्य माणूसही करत नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले; तेथे प्रवेश घेणारा विद्यार्थी शुल्क भरतो आणि तरीही विद्यापीठाला ‘मुक्त’ म्हणण्यात त्याला विसंगती जाणवत नाही. जे ‘मुक्त’ आहे ते ‘मोफत’ असेलच असे नाही आणि जे ‘मोफत’ आहे ते ‘मुक्त’ असेलच असेही नाही.

मुक्त सॉफ्टवेअरच्या व्याख्येत चार स्वातंत्र्ये येतात : कोणत्याही प्रयोजनासाठी वापरण्याचे, मूळ संहिता अभ्यासून तीत बदल करण्याचे, प्रती वाटण्याचे आणि सुधारित प्रतीही वाटण्याचे. ही कसोटी लावल्यास सादरीकरणाच्या साधनांचे दोन नव्हे तर चार वर्ग पडतात. पहिला, मुक्त साधनांचा : लिबरऑफिसमधील ‘इम्प्रेस’ व लाटेकवर आधारित ‘बीमर’ ही त्याची ठळक उदाहरणे. दुसरा, मोफत परंतु बंदिस्त साधनांचा : ‘गूगल स्लाइड्स’, ॲपलचे ‘कीनोट’, ‘कॅनव्हा’ची मूलभूत सेवा. तिसरा, सशुल्क साधनांचा. त्यात मायक्रोसॉफ्टचे ‘पॉवरपॉइंट’ अग्रभागी आहे. चौथ्या वर्गाचा उल्लेख विद्वत्सभेत टाळला जातो, परंतु त्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही. तो म्हणजे सशुल्क साधनाची विनापरवाना प्रत.

या चौथ्या वर्गाचे महत्त्व विशेष आहे. संगणक विकत घेताना दुकानदाराने ‘सगळे टाकून’ दिलेल्या यंत्रात पॉवरपॉइंट आपोआप असे. त्यामुळे अनेक घरांत आणि संस्थांत तुलना ‘मोफत’ आणि ‘सशुल्क’ यांची कधी झालीच नाही. ती झाली ‘मोफत मिळणारे मुक्त’ आणि ‘मोफत पळवलेले सशुल्क’ यांची. किंमत दोन्हीकडे शून्य असल्यावर ओळखीचे साधन जिंकणे स्वाभाविक होते. मुक्त साधनांचा सर्वांत सोपा युक्तिवाद, म्हणजे स्वस्ताई, या मार्गाने निष्प्रभ झाला.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

पॉवरपॉइंटचा जन्म मायक्रोसॉफ्टमध्ये झालेला नाही. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी ‘फोरथॉट’ या कंपनीत ते विकसित केले. आरंभी त्याचे नाव ‘प्रेझेंटर’ असे योजले होते. एप्रिल १९८७ मध्ये ते मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने १ कोटी ४० लाख डॉलरला फोरथॉट कंपनी विकत घेतली. विंडोजसाठीची आवृत्ती १९९० मध्ये आली. पुढे वर्ड व एक्सेलसह एकाच संचात विकले गेल्यामुळे ते स्वतंत्रपणे न निवडताही घराघरांत पोहोचले.

इम्प्रेसचा वंश जर्मनीतील ‘स्टारडिव्हिजन’ या कंपनीच्या ‘स्टारऑफिस’पर्यंत जातो. ही कंपनी १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने घेतली, २००० मध्ये तिची मूळ संहिता खुली केली आणि २००२ मध्ये ‘ओपनऑफिस डॉट ऑर्ग’ची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेली. नव्या मालकाच्या धोरणाविषयी साशंक झालेल्या विकसकांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ची घोषणा केली आणि जानेवारी २०११ मध्ये ‘लिबरऑफिस’ची पहिली आवृत्ती आली. ओरॅकलने मूळ प्रकल्प २०११ मध्ये अपाची संस्थेकडे सोपवला; मात्र ‘अपाची ओपनऑफिस’ची वाढ २०१४ मधील ४.१ आवृत्तीनंतर मुख्यतः दुरुस्त्यांपुरती राहिली. याचा व्यावहारिक अर्थ असा की आज ‘ओपनऑफिस’ या जुन्या नावावर विसंबून ते उतरवून घेणारा वाचक मागे पडलेली शाखा घेतो. जिवंत शाखा लिबरऑफिसची आहे. ‘मुक्त’ असणे म्हणजे चिरंजीव असणे नव्हे, हेही या उदाहरणातून ध्यानात येते.

उर्वरित साधनांपैकी बीमर हे टिल टांटाऊ यांनी २००३ मध्ये स्वतःच्या पीएच.डी. प्रबंधाच्या सादरीकरणासाठी रचले. त्याच वर्षी ॲपलने कीनोट ९९ डॉलरला विकायला काढले. २०१७ पासून ते ॲपलच्या सर्व ग्राहकांना मोफत आहे. गूगलने आपली सादरीकरण-सेवा २००७ मध्ये सुरू केली.

३. पहिला निकष : देवनागरी लेखन

मराठी अध्यापकाच्या दृष्टीने पहिला प्रश्न असा की पडद्यावर मराठी शुद्ध दिसते काय? पाश्चात्त्य तुलनांमध्ये हा निकष येतच नाही, म्हणून त्याचा येथे सविस्तर विचार करणे आवश्यक आहे.

युनिकोडमध्ये ‘कि’ हे अक्षर ‘क’ आणि ‘ऱ्हस्व इकार’ या क्रमाने साठवले जाते. वेलांटी आधी दाखवणे, जोडाक्षरे बनवणे, रफार योग्य जागी नेणे ही कामे अक्षरजुळणी करणारे यंत्रांग आणि फॉन्टमधील नियम मिळून करतात. लिबरऑफिसने २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून सर्व संगणक-प्रणालींवर ‘हार्फबझ’ हे एकच मुक्त यंत्रांग स्वीकारले. त्यामुळे विंडोजवर एक आणि लिनक्सवर वेगळेच अशी पूर्वीची तक्रार पुष्कळशी दूर झाली. पॉवरपॉइंट विंडोजच्या स्वतःच्या यंत्रांगावर अवलंबून असते आणि विंडोजवर त्याचे देवनागरी लेखन समाधानकारक आहे. सारांश, केवळ अक्षरजुळणीच्या बाबतीत आज दोहोंत फार अंतर राहिलेले नाही.

अंतर पडते ते फॉन्टमध्ये. विंडोजसोबत येणारा ‘मंगल’ हा फॉन्ट मुंबईचे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला. मात्र त्याचा परवाना मायक्रोसॉफ्टकडे असल्याने तो लिनक्सच्या संगणकावर आपोआप असत नाही. पॉवरपॉइंटच्या नेहमीच्या आराखड्यात देवनागरीसाठी ‘मंगल’चेच नाव नोंदलेले असते, वापरकर्त्याने वेगळा फॉन्ट निवडला नाही तर तोच लागू होतो. अशी फाइल लिनक्सवरील इम्प्रेसमध्ये उघडली की पर्यायी फॉन्ट योजला जातो, अक्षरांची रुंदी बदलते, ओळी वेगळ्या जागी तुटतात आणि शेवटची ओळ चौकटीबाहेर जाते. पाहणारा म्हणतो, ‘इम्प्रेसने बिघडवले.’ वास्तविक बिघाडाचे कारण फॉन्टच्या परवान्यात आहे.

यावर उपाय उपलब्ध आहे आणि त्याचा काही भाग मुंबईतच तयार झाला आहे. ‘एक टाइप’ या मुंबईतील अक्षररचनाकारांच्या गटाचे ‘मुक्ता’ व ‘बलू’ हे फॉन्ट, तसेच ‘लोहित’ व ‘नोटो’ ही कुले मुक्त परवान्याखाली मिळतात. ते दोन्ही साधनांत बसवता येतात आणि विद्यार्थ्यांना निःसंकोच वाटता येतात. शिवाय फाइलमध्येच फॉन्ट अंतर्भूत करण्याची सोय विंडोजवरील पॉवरपॉइंटमध्ये आहे आणि लिबरऑफिसमध्येही २०१३ च्या ४.१ आवृत्तीपासून आहे. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणापेक्षा वेगळे असतात. काही फॉन्टमध्ये ही दोन्ही रूपे असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदली असेल तरच मराठी रूप प्रकट होते. हे घडण्यासाठी फॉन्ट आणि साधन या दोहोंचे सहकार्य लागते. ज्यांना मराठीच्या मुद्रणपरंपरेची चाड आहे त्यांनी हा तपशील दुर्लक्षू नये.

इम्प्रेसचा एक दोषही येथे नोंदवला पाहिजे. त्यात पाश्चात्त्य लिपी आणि जटिल लिपी यांचे फॉन्ट व आकार स्वतंत्रपणे ठरवावे लागतात. अक्षरांच्या संवादचौकटीत पाश्चात्त्य रकान्यात बदल करणाऱ्या नवख्याला आपले मराठी शब्द जसेच्या तसे राहिलेले दिसतात आणि तो गोंधळतो. तत्त्वतः ही विभागणी योग्य आहे. पॉवरपॉइंटच्या फाइलच्या अंतरंगातही अशीच विभागणी असते. परंतु तेथे ती वापरकर्त्यापुढे इतकी ठळक येत नाही. साधनाने आपली अंतर्गत व्यवस्था वापरकर्त्यावर लादू नये, या कसोटीवर इम्प्रेस उणे ठरते.

जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या स्लाइड दुसऱ्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरांत उमटतात, तो प्रकार मात्र कोणत्याच साधनाचा दोष नव्हे. तो संकेतनाचा प्रश्न आहे आणि पैसे खर्चून सुटणारा नाही.

४. दुसरा निकष : फाइलचे आयुष्य आणि देवाणघेवाण

अध्यापकाने दहा-पंधरा वर्षांत केलेली सादरीकरणे ही त्याची शैक्षणिक मिळकत असते. ती पुढेही उघडतील काय, हा प्रश्न सजावटीच्या सुविधांपेक्षा महत्त्वाचा आहे.

इम्प्रेसचे ‘ओडीपी’ हे स्वरूप खुल्या दस्तऐवज-मानकाचा भाग असून त्या मानकाला २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची मान्यता मिळाली. पॉवरपॉइंटचे ‘पीपीटीएक्स’ हे स्वरूपही २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले. मात्र त्यापूर्वी त्यावर जगभर मोठा वाद झाला. सहा हजारांहून अधिक पानांचे ते विनिर्देशपत्र त्रयस्थाला पूर्णपणे राबवणे कितपत शक्य आहे, हा त्यातील प्रमुख आक्षेप होता. २००७ मधील मतदानात भारताने त्याच्या विरोधात मत दिले होते. पुढे २०१० मध्ये भारत सरकारने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण आणि २०१५ मध्ये मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. अर्थात धोरण जाहीर होणे आणि कार्यालयातील टेबलावर ते उतरणे यांतील अंतर आपल्याला परिचित आहेच.

तांत्रिकदृष्ट्या दोन्ही स्वरूपे एकाच पद्धतीची आहेत. दोन्ही फाइली म्हणजे ‘झिप’ पद्धतीने बांधलेली गाठोडी असून आत मजकूर एक्सएमएल या वाचनीय रूपात असतो. जिज्ञासू वाचकाने प्रत काढून ते गाठोडे सोडून पाहावे. त्यात आपली मराठी वाक्ये डोळ्यांना दिसतात. १९९७ ते २००३ च्या आवृत्त्यांतील द्विमान ‘पीपीटी’ फाइलच्या तुलनेत ही मोठी प्रगती आहे आणि तिचे श्रेय दोन्ही पक्षांना दिले पाहिजे.

असे असूनही एका साधनातील फाइल दुसऱ्यात हुबेहूब का उघडत नाही? फॉन्टचे कारण वर आले आहे. दुसरे कारण, चौकटीत मजकूर मावावा म्हणून अक्षरे आपोआप लहान करण्याचे गणित दोन्हीकडे वेगळे आहे. तिसरे, पॉवरपॉइंटमधील ‘स्मार्टआर्ट’ आकृत्या इम्प्रेसमध्ये दिसतात, परंतु मूळ सुलभतेने बदलता येत नाहीत. चौथे, हालचालींच्या परिणामांचे नामकरण व कालमापन पूर्णतः जुळत नाही. हे दोष उभयपक्षी आहेत. ‘ओडीपी’ फाइल पॉवरपॉइंटमध्ये उघडली तरी असेच घडते. परंतु बहुसंख्यांचे साधन हेच प्रमाण मानले जात असल्याने दोषाचे खापर नेहमी अल्पसंख्याकाच्या माथी फुटते. यावर अध्यापकाने करावयाचा साधा उपाय म्हणजे सादरीकरणाची पीडीएफ प्रत सोबत ठेवणे. ही सोय ओपनऑफिसमध्ये २००३ पासून होती; मायक्रोसॉफ्ट ऑफिसमध्ये ती २००७ नंतर आली. नव्या गोष्टी नेहमी सशुल्क साधनातच प्रथम येतात, या समजाला हा अपवाद लक्षणीय आहे.

५. तिसरा निकष : सुविधा

समीक्षा प्रामाणिक असावयाची तर सशुल्क साधनाचे श्रेष्ठत्व जेथे आहे तेथे मान्य केले पाहिजे. पॉवरपॉइंटमधील एका स्लाइडवरील वस्तू दुसरीवर सहजगत्या रूपांतरित करणारे संक्रमण, मांडणीच्या सूचना देणारी सोय, निवेदनासह ध्वनिमुद्रण, थेट चित्रफीत तयार करणे आणि बोलताना पडद्यावर उपशीर्षके उमटवणे या सुविधा अधिक परिपक्व आहेत. त्याचे आराखडे डोळ्यांना अधिक सुबक वाटतात. इम्प्रेससोबत येणारे आराखडे अनेकदा निस्तेज असतात. कलाशाखेच्या, विशेषतः चित्रकलेच्या अथवा वास्तुकलेच्या अध्यापकास हा फरक जाणवल्याशिवाय राहणार नाही.

उलटपक्षी, गणिताच्या अध्यापकास बीमर दोहोंपेक्षा सरस वाटते. त्यात समीकरणे सुबक उमटतात, साध्या मजकुराची फाइल असल्याने ती जतन करणे सोपे असते आणि झीटेकच्या साहाय्याने मराठीही लिहिता येते. मात्र शिकण्याचे कष्ट मोठे आहेत. गूगल स्लाइड्सचे बलस्थान सहकार्य हे आहे. चार विद्यार्थी चार गावांतून एकाच सादरीकरणावर एकाच वेळी काम करू शकतात. परंतु आंतरजाल खंडित झाले की हे बळ ओसरते आणि तालुक्याच्या महाविद्यालयात ही शक्यता काल्पनिक नाही.

तथापि साधारण तासिकेसाठी लागणाऱ्या सुविधांची यादी केली तर ती फार मोठी होत नाही : मजकूर, चित्र, तक्ता, आलेख, सारणी, वक्त्यासाठी टिपणे आणि पीडीएफ प्रत. या यादीतील एकही गोष्ट अशी नाही की जी इम्प्रेसमध्ये नाही. सुविधांच्या तक्त्यात सशुल्क साधन पुढे असते ते बहुधा अशा रकान्यांत, ज्यांचा आपण वर्षातून एकदाही उपयोग करत नाही.

६. चौथा निकष : वापरकर्त्याचे हक्क

मोफत आणि मुक्त यांतील भेद येथे निर्णायक ठरतो. मोफत म्हणजे देणाऱ्याची मर्जी. गूगलने शैक्षणिक संस्थांना अमर्याद साठवण दिली होती. २०२१ मध्ये ती बंद करण्याची घोषणा झाली आणि जुलै २०२२ पासून संस्थेमागे १०० टेराबाइटची सामायिक मर्यादा लागू करण्यात आली. हा निर्णय व्यावसायिकदृष्ट्या समर्थनीय असेलही, परंतु तो घेण्यात वापरकर्त्याचा काहीच सहभाग नव्हता. कीनोट मोफत आहे, मात्र ते चालवण्यासाठी लागणारे ॲपलचे यंत्र मोफत नाही.

सशुल्क साधनातही विकत घेतले जाते ते साधन नव्हे, तर वापराचा परवाना. २०११ मध्ये ऑफिस ३६५ आल्यापासून एकदा किंमत मोजून घेण्याऐवजी वर्गणी भरत राहण्याकडे कल वाढला. एकदाच किंमत मोजून घेतलेल्या ऑफिस २०१६ व २०१९ या दोन्ही आवृत्त्यांना मिळणारे साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले; त्याच दिवशी विंडोज १० चेही नियमित साहाय्य संपले. ज्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत जुनी यंत्रे आहेत, त्याच्यासाठी हा एकाच दिवशी आलेला दुहेरी खर्च आहे. अशा यंत्रांवर लिनक्स आणि लिबरऑफिस बसवून त्यांचे आयुष्य वाढवता येते.

मुक्ततेचे खरे मोल मात्र २०१० च्या घटनेत दिसते. मालक बदलला, तरी विकसकांना संहिता घेऊन वेगळे होता आले आणि वापरकर्त्यांच्या फाइली वाऱ्यावर सुटल्या नाहीत. बंदिस्त साधनाच्या बाबतीत हा मार्गच उपलब्ध नसतो. मराठीपुरते पाहिल्यास आणखी एक हक्क महत्त्वाचा आहे. दोन्ही साधनांचे पडद्यावरील आदेश मराठीत मिळू शकतात. परंतु लिबरऑफिसमधील एखादी मराठी संज्ञा कृत्रिम अथवा चुकीची वाटली तर ती सुधारण्याच्या कामात कोणत्याही मराठी भाषकाला सहभागी होता येते. आपल्या विद्यापीठांतील मराठी विभागांनी या संधीकडे परिभाषेचे कार्य म्हणून पाहावयास हवे.

७. पाचवा निकष : विचारपद्धतीवरील परिणाम

१ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया अवकाशयान पृथ्वीवर परतताना कोसळले आणि कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. उड्डाणाच्या वेळी निखळलेला फेसाचा तुकडा यानाच्या पंखावर आदळला होता. त्या धोक्याचा आढावा घेणाऱ्या एका स्लाइडच्या अगदी तळाशी एक नोंद होती : आदळलेल्या तुकड्याचे घनफळ १९२० घन इंच, तर ज्या चाचण्यांवर निष्कर्ष आधारला होता त्यांतील तुकड्याचे ३ घन इंच. म्हणजे चाचणीचा आधारच लागू होत नव्हता. ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट उपमुद्द्यांच्या उतरंडीत शेवटी, लहान अक्षरांत आली. चौकशी मंडळाने त्याच वर्षीच्या अहवालात तांत्रिक निबंधांची जागा स्लाइडनी घेण्याच्या प्रथेवर टीका केली. एडवर्ड टफ्टी यांनी ‘द कॉग्निटिव्ह स्टाइल ऑफ पॉवरपॉइंट’ या २००३ मधील पुस्तिकेत असा आक्षेप घेतला की हे साधन विचारांचे तुकडे करते, त्यांना खोटी श्रेणी देते आणि कार्यकारणसंबंध गाळून टाकते.

टफ्टी यांचा रोख पॉवरपॉइंटवर असला तरी तुलनेच्या दृष्टीने एक गैरसोयीचा प्रश्न उद्भवतो. इम्प्रेस या दोषातून सुटते काय? प्रस्तुत लेखकाचे उत्तर नकारार्थी आहे. इम्प्रेस उघडले की तीच शीर्षकाची चौकट, तीच ठिपक्यांची यादी, तीच आराखड्यांची रांग समोर येते. मुक्त साधनाने संहिता मुक्त केली, परंतु कल्पना उसनी घेतली. वापरकर्त्यांना परिचित वाटावे म्हणून हे अनुकरण अपरिहार्य होते, हे मान्य केले तरी बदल करण्याचे स्वातंत्र्य असूनही बदल न करणे ही मर्यादाच म्हणावी लागेल. बीमरमध्ये प्रकरण व उपप्रकरणांतून युक्तिवादाची रचना आधी करण्यास उत्तेजन मिळते, हा त्याचा विशेष. तथापि तेथेही ठिपक्यांची यादी करण्याचा मोह कोणी टाळताना दिसत नाही.

म्हणून या निकषावर तुलना बरोबरीत सुटते आणि जबाबदारी साधनाकडून वक्त्याकडे येते. कवितेचे रसग्रहण पाच ठिपक्यांत बसवणारा अध्यापक कोणतेही साधन वापरो, कविता हरवतेच.

८. महाविद्यालयांसाठी विचारार्थ

निवड व्यक्तीची असते, परंतु सवय संस्था लावते. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम २००१ पासून लाखो लोकांचा संगणकाशी पहिला परिचय करून देत आला आणि त्यात कार्यालयीन कामाचे शिक्षण मुख्यतः मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या आधारे दिले गेले. संगणक-साक्षरता पसरवण्याचे त्याचे कार्य निर्विवाद आहे; मात्र तिच्यासोबत एका उत्पादनाची सवयही पसरली. केरळने शालेय माहिती-तंत्रज्ञान शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारून वेगळी वाट धरली. आपल्याकडेही आय.आय.टी. मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने इम्प्रेसचे धडे मराठी निवेदनासह उपलब्ध केले आहेत. साधन आहे, शिकवण्याची सामग्री आहे. उणीव आहे ती संस्थात्मक निर्णयाची.

हा निर्णय सोपा आहे असा आभास निर्माण करणे योग्य होणार नाही. जर्मनीतील म्युनिक शहराने २००० च्या दशकात मोठ्या उत्साहाने मुक्त साधने स्वीकारली आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. त्याच देशातील श्लेसविग-होल्श्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० संगणकांवर लिबरऑफिस आणण्याचे ठरवले. दोन्ही उदाहरणांचा बोध एकच : साधन बदलताना प्रशिक्षण, साहाय्य आणि नेतृत्वाची चिकाटी यांवर खर्च करावा लागतो. मोफत मिळालेली गोष्ट रुजवणे मोफत नसते.

तूर्त महाविद्यालयांनी तीन गोष्टी करणे शक्य आहे. एक, सूचनांमध्ये ‘पीपीटी सादर करावी’ असे न लिहिता ‘सादरीकरण सादर करावे’ असे लिहावे आणि पीडीएफ अथवा कोणत्याही खुल्या स्वरूपातील फाइल स्वीकारावी. दोन, मराठी मजकुरासाठी युनिकोड आणि मुक्त फॉन्ट यांचा आग्रह धरावा. तीन, प्रयोगशाळेतील प्रत्येक यंत्रावर किमान एक मुक्त साधन बसवावे आणि विनापरवाना प्रत एकाही यंत्रावर असू देऊ नये. विद्यार्थ्यांच्या शोधनिबंधातील वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या संस्थेने तो निबंध चोरीच्या सॉफ्टवेअरवर सादर करून घ्यावा, ही विसंगती आपण फार काळ डोळ्याआड केली आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की ‘मोफत की सशुल्क’ या प्रश्नाचे उत्तर निकषागणिक बदलते. दृश्य परिष्कार आणि चित्रफितीच्या कामात पॉवरपॉइंट पुढे आहे, सहकार्यात गूगल स्लाइड्स, गणितलेखनात बीमर, आणि साधारण अध्यापन, दीर्घकालीन जतन व वापरकर्त्याचा हक्क यांत इम्प्रेस. ज्या संस्थेला किंवा व्यक्तीला परवडते आणि गरज आहे, तिने सशुल्क साधन रीतसर विकत घेण्यात काहीच गैर नाही. गैर आहे ते निवड न करताच एखादे साधन स्वीकारणे. खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याला परवाना परवडत नाही म्हणून त्याला अप्रामाणिकपणाची सवय लावायची की त्याच्या हाती त्याच्या हक्काचे साधन द्यायचे, हा या तुलनेच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर सुविधांच्या तक्त्यात सापडणार नाही. ते महाविद्यालयाला स्वतः द्यावे लागेल.